जवानांच्या लाकडी बराकी : पावसाळ्याआधी या चुका टाळा

गडचिरोलीच्या आतल्या भागात नवं पोलीस मदत केंद्र उघडलं, की पक्की इमारत होईस्तोवर जवानांचा मुक्काम बरेचदा फळ्या, प्लाय आणि टिनाच्या बराकीत असतो. कागदावर ती तात्पुरती. पण तिला दोन-चार पावसाळे सहज काढावे लागतात, आणि बांधणारा एकाच उन्हाळ्याचा हिशेब धरून बांधतो.

सगळ्यात महागात पडते ती खांब थेट मातीत गाडायची घाई. बुडाला डांबर फासलं की झालं, असं मिस्त्री सांगतात. डांबराला तडा गेला की वाळवी आतून चढते आणि खांब बाहेरून ठणठणीत दिसत राहतो. खांब सिमेंटच्या ठोकळ्यावर घ्या, मध्ये कडा खाली वाकवलेला पत्रा द्या. फळ्यांची जमीन दीड फूट वर ठेवली तर खाली वाकून बघता तरी येतं. खालच्या मातीवर क्लोरपायरीफॉस हे वाळवीचं औषध मारायचं : २० टक्क्यांच्या १ लिटर औषधात १९ लिटर पाणी, चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर हे औषध नकोच.

खांबावर मातीच्या नळ्या दिसल्या, तर झाडूनं पाडून मोकळे होऊ नका. पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर खांब बदला. नळ्या नाहीत, पण बारीक छिद्रांतून पीठ गळतंय, तर ती वाळवी नव्हे, भुंगेऱ्याचं काम आहे. जमिनीत औषध ओतून ते थांबणार नाही.

आलापल्लीच्या भागातला साग अयोध्येच्या मंदिरापर्यंत पोचला. बराकीला तो हवा कशाला? आडजात, म्हणजे सागाखेरीज दुसरं लाकूड चालतं, फक्त वाळलेलं पाहिजे. ओल्या फळ्या ठोकल्या की उन्हाळ्यात फटी पडतात, फटींतून डास, आणि हा हिवतापाचा जिल्हा. जुलैत दार फुगलं तर लगेच रंधा मारू नका, हिवाळ्यात तेच दार ढिलं होईल. आधी त्याची वरची-खालची कड बघा. बहुधा रंगवायची राहिलेली असते, आणि पाणी तिथूनच मुरतं.

बाहेरच्या भिंतीला एमआर प्लाय, म्हणजे घरातल्या वापराचा, फक्त थोडी ओल सोसणारा, नको. आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या. पन्हाळी टिनाचे स्क्रू उंचवट्यावर, रबरी वॉशर लावून. खोलगट भागात मारले तर गळती ठरलेलीच.

चूल-गॅस बराकीबाहेर, वायरिंग पाइपातून, आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं दुसरं दार हवंच. त्या दारासमोर खाट किंवा पेट्या लावू देऊ नका.