वांग्यातील अळी : या चुका टाळा

विदर्भातील अनेक वांगी उत्पादक फळाला भोक दिसल्यावरच पंप पाठीवर घेतात, आणि मूळ चूक तेथेच होते. ल्युसिनोडस ऑर्बोनॅलिस या पांढुरक्या, तपकिरी ठिपक्यांच्या पतंगाची मादी पानांवर, कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर अंडी घालते. अळी निघताच शेंड्यात किंवा फळात शिरते आणि आत गेल्यावर तिच्यापर्यंत औषध सहसा पोहोचत नाही. शिरतानाचे छिद्र बारीक असते व विष्ठेने बुजते. आपल्याला दिसते ते मोठे भोक बहुधा अळी बाहेर पडल्याचे असते, म्हणून ते पाहून केलेली फवारणी म्हणजे वरातीमागून घोडे.

खरी पाहणी फळे धरण्यापूर्वी, शेंड्यांची करावी. जमिनीत ओल असूनही सकाळीच एखाद-दुसरा शेंडा मान टाकून दिसला, तर पाणी कमी पडले असे समजून ओलित करू नये. पाण्याच्या ताणाने सगळे झाडच मलूल होते. तो शेंडा उभा चिरला की पोखरलेली पोकळी, ओलसर विष्ठा आणि फिकट गुलाबी अळी सापडते. किडलेल्या भागाच्या खालून शेंडा कापावा, मात्र तो धुऱ्यावर फेकू नये, कारण अळी त्यातून निघून पालापाचोळ्यात कोष करते. शेंडे आणि किडकी फळे खोल पुरावीत. जुनी वांग्याची झाडे जळणासाठी शेताशेजारी रचून ठेवणेही तितकेच घातक आहे.

कपाशीतला कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा) उचलून वांग्यात लावण्याची चूक आपल्या भागात सहज होते. गुलाबी बोंडअळीच्या गॉसिप्ल्युर या गंध-आमिषाकडे वांग्यावरचा पतंग फिरकत नाही. त्यासाठी ल्युसिल्युर हे त्याचेच आमिष हवे.

एकाच गटातील कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारल्याने अळी दाद देईनाशी होते आणि मित्रकीटक मात्र मरतात; सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांच्या अतिवापराने तर पांढरी माशी व कोळी कीड वाढते. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा. दोन-तीन औषधे एका पंपात मिसळणे तर कटाक्षाने टाळावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. बाजाराचा दिवस आला म्हणून कालच फवारलेली वांगी तोडू नयेत; लेबलवर दिलेले दिवस पूर्ण होऊ द्यावेत.