पॉवर्ड कॅबिनेट बघायला जाताना आपलीच गिटार न्या

इंदूरला राजवाड्याजवळ पोहे-जिलेबी हाणून पॉवर्ड कॅबिनेट (आतच अॅम्प्लिफायर असलेला स्पीकरचा खोका) बघायला निघालात, तर आपली गिटार, आपला प्रोसेसर (गिटारचा टोन घडवणारी पेटी) आणि केबल बरोबर घ्या. दुकानातल्या गिटारवर आपल्याला कॅबिनेट नव्हे, ती गिटारच ऐकू येते.

आधी विचारा: आत गिटारचा स्पीकर आहे की फुल रेंज? गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो, म्हणूनच डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) कानाला गोड लागतं. फुल रेंज स्पीकर हा वरचा आवाज असा कापत नाही. प्रोसेसरमधलं कॅब सिम्युलेशन (गिटारच्या कॅबिनेटची नक्कल) बंद राहिलं, तर बाटलीत माशी अडकल्यासारखी भुणभुण. याच चुकीपायी मी एक चांगलं कॅबिनेट नाकारून घरी आलो होतो! गिटारचा स्पीकर असेल तर उलट, सिम्युलेशन बंद ठेवा.

मग आवाज वाढवा. दुकानदार आठ्या घालेल, घालू द्या. हेडफोनवर जमवलेला टोन मोठ्या आवाजात जाडा आणि बोचरा होतो, कारण आवाज वाढला की कानाला खर्ज आणि तीव्र सूर दोन्ही जास्त जाणवतात. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झची. त्याखालचं बिनधास्त कापा. कॅबिनेट एकदा जमिनीवर, एकदा स्टुलावर ठेवून ऐका. जमिनीवर खर्ज फुगतो, आणि गणपतीच्या मांडवात ते स्टुलावरच जाणार असतं.

ट्यूब अॅम्पचं (व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरचं) स्पीकर आउटपुट मात्र पॉवर्ड कॅबिनेटला कधीच जोडू नका. दोन्ही जळू शकतात.