परदेशी भरतीचा परवाना हातात आहे? तरीही या चुका टाळा

परवाना भिंतीवर लावला की सरकारी काम संपलं, असं समजणाऱ्या, कामगारांना परदेशी नोकरीवर पाठवणाऱ्या एजन्सी पुढच्या तपासणीत अडकतात. आणि अडकतात त्या बहुधा पावतीवरच.

कार्यालयाच्या पावतीवर नियमात बसणारं सेवाशुल्क असतं. कामगाराला एकट्याला बसवून "घरातून एकूण किती पैसे गेले?" असं विचारलं, की आकडा भलताच निघतो. मधली रक्कम गावातल्या दलालाने रोख घेतलेली असते, कर्ज मात्र कामगाराच्या डोक्यावर. "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर तिथे चालत नाही. भारतात १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणीशिवाय परदेशासाठी भरती करणं गुन्हा आहे, मग तो दलाल कुणाच्याही नावावर फिरत असो. म्हणून विमानात बसवण्याआधी प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोला. तुला इथे कोणी आणलं, कोणाला किती दिले, हे लिहून घ्या. जास्तीचे पैसे गेले असतील तर ते परत मिळाल्याशिवाय त्याला पाठवू नका.

दुसरी चूक याच्याच पोटातली. "आम्ही फी घेत नाही" म्हणायचं आणि मेडिकल, ट्रेड टेस्ट (कामाच्या कौशल्याची चाचणी), तिकीट कामगाराच्या माथी मारायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार कामगाराकडून थेट किंवा आडून शुल्क घ्यायचं नाही, हा मूळ नियम आहे; अपवाद मोजके. २०१८ मध्ये याच संघटनेत ठरलेल्या व्याख्येत तपासणी, प्रशिक्षण, प्रवास हे सगळे खर्च भरतीखर्चातच धरले आहेत. देशोदेशी मर्यादा वेगळ्या आहेत. फिलिपीन्समध्ये अनेक कामांसाठी एका महिन्याच्या पगाराइतकी फी चालते, पण घरकामगारांकडून काहीच घेता येत नाही. नेपाळने २०१५ मध्ये आखाती देश आणि मलेशियासाठी व्हिसा-तिकिटाचा खर्च मालकावर टाकला. दोन देशांचे नियम जुळत नसतील तर कडक असेल तो धरा. माल विकत घेणारा देशही आता विचारतो: २०२० मध्ये अमेरिकेने मलेशियातल्या एका मोठ्या हातमोजे उत्पादकाचा माल अडवला, तेव्हा त्या कंपनीला कामगारांचा भरतीखर्च परत करावा लागला.

करार बदलणं हा तिसरा आजार. इथे 'ड्रायव्हर' म्हणून सही आणि तिथे उतरल्यावर 'मदतनीस' म्हणून नवा कागद. फिलिपीन्सच्या १९९५ च्या कायद्यात पगाराच्या दाव्यासाठी मालकाबरोबर एजन्सीही तितकीच जबाबदार धरली जाते. तेव्हा मालकाची मागणी, व्हिसावरचं पद आणि कामगाराच्या हातातला करार शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. कराराची प्रत त्याच्या भाषेत द्या.

पासपोर्ट 'सांभाळायला' ठेवून घेऊ नका. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

आणि पहिला पगार झाला की कामगाराला स्वतः फोन करा, खात्यात नक्की किती जमा झाले ते विचारा.