नवं पिनबॉल मशीन ‘बॉल मिसिंग’ दाखवतंय? माझा अनुभव
नागपुरातल्या सीताबर्डीतल्या आमच्या गेम पार्लरमध्ये सिनेमाच्या थीमचं नवंकोरं पिनबॉल उद्घाटनालाच अडलं: सगळे बॉल आत असूनही ‘बॉल मिसिंग’, मधूनच दोन बॉल एकदम बाहेर. सॉफ्टवेअर अपडेट टाकलं, बॉल बदलले, उतार साडेसहा अंशांवर आणला. फरक शून्य, जीव मेटाकुटीला आला.

दोष ट्रफच्या (खाली आलेले बॉल जमा होतात त्या खाचेच्या) ऑप्टो सेन्सरमध्ये निघाला. हा सेन्सर प्रकाशकिरण अडला की बॉल आहे असं ओळखतो. काच आणि बॉल काढून प्लेफील्ड, म्हणजे बॉल फिरतो तो फळा, उचला. मशीन चालू ठेवून, बॉल ढकलणाऱ्या विद्युत कॉइलला अजिबात हात न लावता, सेन्सरचा किरण सोडणाऱ्या ट्रान्समीटर बोर्डासमोर मोबाईलचा पुढचा कॅमेरा धरा. इन्फ्रारेड एलईडी स्क्रीनवर फिकट जांभळे दिसतात. आमचा एक विझलेला होता. प्लग काढून बोर्ड सोडवला. एलईडीच्या पायाभोवती सोल्डरला बारीक गोल चीर होती, बहुधा वाहतुकीतल्या हादऱ्यांनी. जुनं सोल्डर काढून नवं भरलं. मग मशीनच्या मेनूतल्या स्विच टेस्टमध्ये एकेक बॉल सोडून प्रत्येक सेन्सर तपासला. ही तपासणी टाळू नका.