रब्बी पेरायच्या आधी गावाचं पाणी मोजा, हे असं करायचं

मंडळी, पाऊस आता महिना महिना दडी मारतो अन् मग दोन दिवसात सगळं ओतून जातो, नाल्याचं पाणी थेट तापीत, आणि मे महिन्यात जळगाव भुसावळकडं पारा ४५ च्या वर. आपण मात्र विहीर भरलेली दिसली की गहू टाकतो, फेब्रुवारीत मोटर हवा ओढते. हे थांबवता येतं, पण एकट्याने नाही, गावानेच.

दसरा-दिवाळीच्या मधे १०-१२ विहिरी निवडा, काही नाल्याकाठच्या, काही माथ्यावरच्या (नाल्याकाठच्याच घेतल्या तर आकडा खोटा बोलतो). रात्रभर मोटर बंद पाहिजे, सकाळी टेपला दगड बांधून सोडायचा आणि काठापासून पाण्यापर्यंत किती मीटर ते लिहायचं. विहिरीवर रंगाने नंबर टाका, दरवर्षी त्याच विहिरी, त्याच आठवड्यात. झरा चालू असतो म्हणून हा काही पूर्ण हिशोब नाही, पण मागच्या साली ४ मीटरवर होतं अन् आता ६ वर गेलंय, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

मग ग्रामसभा, बायामाणसं पाहिजेतच, उन्हाळ्यात हंडा त्याच धरतात. आधी पिण्याचं बाजूला काढा: २००० वस्ती, माणशी रोज ५५ लिटर, नोव्हेंबर ते जून म्हणजे साधारण २ कोटी ६६ लाख लिटर, ढोरांचं वेगळं. उरलं ते पिकाला. पाटाने दोन इंच पाणी भरलं तर एकरी २ लाख लिटर जातं, गव्हाला अशी ५ पाणी म्हणजे १० लाख, हरभऱ्याला २ म्हणजे ४ लाखात भागतं. पातळी खाली असेल तर हरभरा, दादर (रब्बी ज्वारी) वाढवा, गहू घरापुरता, नवीन केळी तर ठिबक असली तरी लावू नका.

ऐकणार कोण, असं म्हणाल, तर पांझरा नदीवरची फड पद्धत बघा ना, बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे, कोणत्या फडात कोणतं पीक ते सगळे मिळून ठरवायचे, पाटकरी पाणी वाटायचा, पाणी कमी त्या साली फडही कमी भिजायचे. काही शे वर्षं चाललंय हे आपल्या धुळ्यात.

सगळ्यात अवघड ट्यूबवेल. नवीन खोदायची नाही असा ठराव त्याच सभेत घ्या, नंतर कोणी घेऊ देत नाही. आकडे पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि जानेवारीत पुन्हा टेप सोडा, पातळी जास्त उतरली असेल तर उन्हाळी भुईमूग, उन्हाळी बाजरी त्या साली रद्द.