शस्त्रक्रियेपूर्वीचा द्रव आहार कसा निभवावा

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की हाती पडणाऱ्या कागदांमध्ये एक कागद असा असतो, जो वाचून शस्त्रक्रियेच्या विचारानेही आला नसेल एवढा मोठा गोळा पोटात येतो. शस्त्रक्रियेआधी बहुधा दोन आठवडे केवळ द्रव पदार्थ घ्यायचे आणि चावण्यासारखे काहीही तोंडात घालायचे नाही, असे त्यावर लिहिलेले असते. काही रुग्णांना हा काळ एकाच आठवड्याचा सांगतात, तर वजन किंवा यकृतावरची चरबी फार असल्यास तो तीन-चार आठवड्यांचाही असू शकतो. मी हे दोन आठवडे काढलेले आहेत, आणि ते मनाच्या निग्रहावर कमी व घड्याळाच्या आणि स्वयंपाकघराच्या आखणीवर जास्त निभतात, असे माझे मत झाले आहे. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यात धीर देणारी वाक्ये थोडी आणि आखणीचा भाग बराच आहे. तुमच्या रुग्णालयाने दिलेल्या तक्त्यात आणि येथील मजकुरात कुठे फरक आढळला, तर तक्ताच प्रमाण मानावा.

हा आहार कशासाठी आहे हे न समजताच तो सुरू करणारी माणसे तिसऱ्या दिवशी स्वतःशीच हुज्जत घालू लागतात, त्यामुळे कारण आधी पाहू. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या बाजूवर पसरलेला असतो. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे अरुंद करणे) असो वा बायपास (जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणे), दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना जठराच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यविशारदाला हा भाग एका उपकरणाने उचलून धरावा लागतो. चरबीने भरलेले यकृत आकाराने मोठे, वजनाने जड आणि पोताने ठिसूळ असते; ते नीट उचलले जात नाही, आणि त्याला ओरखडा गेला तर रक्तस्राव होतो. याउलट अन्नातील कर्बोदके आणि एकूण उष्मांक एकदम कमी केले, की यकृत प्रथम आपल्याकडील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा खर्च करते आणि मग चरबीला हात घालते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते, तेही निघून जाते. अशा आहाराने बारा आठवड्यांत यकृताच्या आकारमानात जेवढी घट होते, तिच्यातील जवळपास ८० टक्के घट पहिल्या दोनच आठवड्यांत होते, असे मोजमापांतून दिसलेले आहे. दोन आठवड्यांची मुदत सर्रास दिली जाते ती उगीच नव्हे.

यातून दोन गोष्टी ओघानेच येतात. पहिली, वजनकाट्यावरचा आकडा हे या आहाराचे माप नव्हे. सुरुवातीच्या दिवसांत तो झरझर उतरतो, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, आणि नंतर तो मंदावला म्हणून आहार फसला असे होत नाही. दुसरी, आहार सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात ‘आता पुन्हा कधी मिळणार’ म्हणून रोज मेजवानी झोडणे म्हणजे जे यकृत आकसायचे आहे तेच आणखी फुगवणे होय. एखादे आवडीचे जेवण शांतपणे जेवून घ्यावे आणि विषय तेथेच संपवावा.

मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी पहिला पेला ओठाला लावण्याआधी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे, आणि या बाबतीत संकोच किंवा आळस मुळीच करू नये. आहार निम्म्याहून कमी झाला आणि इन्सुलिनची किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीची मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाच्या गोळ्यांचा धोका निराळा आहे: कर्बोदके फार कमी झाली असताना त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकते, आणि तेही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना, त्यामुळे ते चटकन लक्षात येत नाही. या गोळ्या केव्हा थांबवायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही पुष्कळदा कमी करावी लागते, नाहीतर उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांची रक्ततपासणी या काळात अधिक वेळा होणे आवश्यक असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण स्वतःच्या अंदाजाने कधीही ठरवू नये. घरी साखर तपासणाऱ्यांनी ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी. आकडा ७० च्या खाली आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि डॉक्टरांना कळवावे. त्या वेळी आहार मोडल्याची खंत बाळगण्याचे काही कारण नाही.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. चहा-कॉफीची सवय असेल तर रोज एकेक कप कमी करत जावे. आहार आणि कॅफिन यांची ओढाताण एकाच दिवशी सुरू झाली, तर पहिल्या दिवसांतली डोकेदुखी भुकेची की चहाची हेच कळेनासे होते. प्रोटीन पावडरचे मोठे डबे आधीच घेऊन ठेवू नयेत. दोन-तीन चवींची छोटी पाकिटे आणून पाहावीत, कारण पहिल्या दिवशी आवडलेली चव सहाव्या दिवशी नकोशी होते. दूध पचत नसेल तर व्हे आयसोलेट (दुधातली साखर जवळपास काढून टाकलेली दुधाच्या प्रथिनांची पावडर) किंवा सोयाची पावडर चालेल का, हे आहारतज्ज्ञांना विचारावे. डब्यावरचे आकडे वाचताना ते दर १०० ग्रॅमचे आहेत की एका स्कूपचे, हे पाहावे. येथे भलेभले फसतात. शिगोशीग भरलेला स्कूप आणि सुरीने सपाट केलेला स्कूप यांत चांगलाच फरक पडतो, म्हणून पहिले दोन-तीन वेळा तरी पावडर काट्यावर तोलून घ्यावी. शक्य असल्यास पहिले चार दिवस कामाच्या धबडग्याचे नसतील अशा बेताने सुट्टीची आखणी करावी.

दिवसाचे गणित साधारण असे असते. एकूण ८०० ते १००० उष्मांक, ६० ते ८० ग्रॅम प्रथिने आणि सगळे मिळून सुमारे दोन लिटर द्रव. प्रत्येकी २० ग्रॅम प्रथिनांचे आणि २०० मिलिलिटरचे चार पेले घेतले की प्रथिने ८० ग्रॅम झाली आणि द्रव ८०० मिलिलिटर झाला. उरलेला सव्वा लिटर पाणी, गाळलेले पातळ सूप आणि बिनसाखरेची पेये यांतून भरायचा. सकाळी सातला पहिला, अकराला दुसरा, तीनला तिसरा आणि संध्याकाळी सातला चौथा, अशी बांधणी मला सोयीची वाटली. रात्री नऊच्या सुमारास गरम सूप हाताशी ठेवले होते, कारण नऊ ते अकरा हा घरभर काहीतरी शोधत हिंडण्याचा वेळ असतो. भूक लागल्यावर पेला करायला उठणे ही चूक आहे. भूक लागण्याआधीच घड्याळ पाहून तो घ्यावा आणि रात्रीच दुसऱ्या दिवसाची पावडर चार लहान डब्यांत मोजून ठेवावी. फळांचे रस, साखर घातलेली पेये, मध, वायू भरलेली शीतपेये आणि मद्य हे सारे द्रव असले तरी या आहारात बसत नाही. ‘द्रव आहे ना, मग चालेल’ असे समजून रसाचे पेलेच्या पेले रिचवणाऱ्याचे यकृत आकसायचे नाही.

पेला करण्याची एक छोटी रीत सांगतो, कारण गुठळ्यांनी भरलेला शेक गिळताना माणूस जेवढा खचतो तेवढा भुकेनेही खचत नाही. शेकरमध्ये आधी थंड पाणी किंवा साय काढलेले दूध घालावे, मग पावडर. उलटे केल्यास तळाच्या कोपऱ्यात चिखल बसतो. अर्धा मिनिट हलवून झाकण किंचित सैल करावे आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे फेस खाली बसतो व पोटात वायू धरत नाही. थंड केल्याने पावडरचा वास दबतो. बिनचवीची पावडर सूपमध्ये घालायची असेल तर सूप पिण्याजोगे कोमट झाल्यावरच घालावी, उकळत्या सूपमध्ये तिच्या फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. एक पेला वीस ते तीस मिनिटे पुरवून घोट घोट प्यावा. शस्त्रक्रियेनंतर याच गतीने प्यावे लागणार असते, तेव्हा तो सराव आत्ताच होतो.

दुसरा ते चौथा हे दिवस सर्वांत कठीण. डोके जड होते, थंडी वाजते, चिडचिड होते, तोंडाला विचित्र वास येतो. शरीर चरबी जाळू लागल्याची ही लक्षणे आहेत. वासासाठी पाणी, दात घासणे आणि जीभ साफ करणे एवढाच उपाय. डॉक्टरांनी मिठावर बंधन घातलेले नसेल तर चवीपुरते मीठ घातलेले पातळ सूप डोकेदुखीवर बरे वाटते. पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळांची भूक मंदावते, माझी तर सहाव्या दिवशी सकाळी चक्क विसरली गेली. मात्र तोंडाची भूक मागे राहते, आणि तिचा पोटाशी काही संबंध नसतो. तिसऱ्या रात्री मी मुलीचे ताट उचलत होतो. त्यात पावाचा चतकोर तुकडा उरला होता, आणि तो माझ्या दोन दातांमध्ये आला आहे हे मला त्याचा कुरकुरीत आवाज कानांत झाल्यावरच कळले. हात आपल्या सवयीने चालला होता. तेव्हापासून ताटे उचलण्याचे काम मी दोन आठवड्यांसाठी दुसऱ्याकडे दिले, आणि हा निर्णय कोणत्याही निश्चयापेक्षा जास्त उपयोगी पडला. स्वयंपाक तुमच्याकडे असेल तर चव पाहण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवावे आणि शिजवताना आपला पेला ओट्यावर भरलेला असावा. सर्वांच्या जेवणाच्या वेळी बाहेर एक फेरी मारून यावी. चालणे चांगलेच आहे, भारी व्यायाम मात्र या काळात नको.

घरच्यांना हा आहार म्हणजे उपासमार वाटते आणि ती माणसे मायेने घास पुढे करतात. त्यांना यकृताचे कारण एकदा सविस्तर सांगावे. ‘डाएट करतो आहे’ म्हटले की आग्रह वाढतो. ‘ऑपरेशनच्या आधीचे पथ्य आहे’ म्हटले की थांबतो.

एवढे करूनही घसरण होऊ शकते. झालीच तर पुढचा पेला चुकवून भरपाई करू नये, दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये. ठरलेल्या वेळी ठरलेला पेला घ्यावा आणि काय, किती खाल्ले ते वहीत लिहावे. एका घासाने यकृत पूर्वीसारखे फुगत नाही, पण घसरण दोन-तीन दिवस चालली तर ती आहारतज्ज्ञांना सांगितलीच पाहिजे. लपवण्यात काही हशील नाही: पोटात दुर्बीण गेल्यावर यकृत समोरच दिसते, आणि ते उचलता येत नसेल तर शस्त्रक्रिया तशीच थांबवण्याची वेळ येऊ शकते.

बद्धकोष्ठ होणे स्वाभाविक आहे, कारण पोटात चोथाच जात नाही. पाणी पुरेसे घ्यावे आणि रेचक किंवा विरघळणारे तंतू कोणते चालतील ते विचारून घ्यावे. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे, सतत उलट्या होणे, लघवी अगदी कमी किंवा गडद होणे, उजव्या बरगडीखाली जोराची कळ येणे, ही मात्र सहन करत बसण्याची लक्षणे नव्हेत. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून त्या कळेकडे विशेष लक्ष असावे. ताप किंवा खोकला आला तरीही रुग्णालयाला लगेच कळवावे.

शेवटच्या दिवशी बहुतेक रुग्णालये केवळ स्वच्छ द्रव घ्यायला सांगतात. पेल्यामागे धरलेल्या कागदावरची अक्षरे वाचता आली तर तो द्रव स्वच्छ समजावा. दूध आणि नेहमीचा शेक यांत बसत नाहीत, भूल देणाऱ्याच्या हिशेबी ते अन्नच असते. पाणी कितीपर्यंत प्यायचे ती वेळही लेखी घ्यावी: भुलेच्या दोन तास आधीपर्यंत स्वच्छ द्रव चालतो असा सर्वसाधारण नियम असला, तरी जठर उशिरा रिकामे होत असल्यास तो बदलतो. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन घेत असाल, तर जठर मंदावत असल्यामुळे ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. सकाळच्या कोणत्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या आणि कोणत्या टाळायच्या, याची यादी आदल्या रात्री उशाशी ठेवावी, आणि दोन आठवड्यांची वही, तिच्यात शेवटच्या घोटाची वेळ लिहून, सोबत न्यावी. भूलतज्ज्ञ तीच वेळ सर्वांत आधी विचारतात.