नीलला जाताय? हॉटेलच्या आधी भरतीचा तक्ता उघडा

अंदमानातल्या नील बेटावर पहिल्या वेळी आम्ही सगळं उलटं केलं. भरतपूरच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा ओहोटी इतकी खोल गेली होती की प्रवाळांवर घोटाभर पाणी उरलं होतं. दगडी कमान बघायला लक्ष्मणपूरला गेलो तेव्हा नेमकी भरती, म्हणजे कमानीपर्यंतची वाट पाण्याखाली. सासूबाई म्हणाल्या, "इतकी तिकिटं काढलीस, पंचांग नाही पाहिलंस?" बोलणं झोंबलं, पण खरं होतं. म्हणून ही तयारी मी भरतीच्या वेळापासून सुरू करते.

नील म्हणजे आताचं शहीद द्वीप. शेजारचं हॅवलॉक बेट स्वराज द्वीप झालं तेव्हाच, डिसेंबर 2018 मध्ये, याचंही नाव बदललं. धक्क्यावर, रिक्षात, जेवणाच्या खानावळीत अजून नीलच ऐकू येतं. बेट जेमतेम चौदा चौरस किलोमीटरचं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना इथे वसवलं गेलं आणि गावांची नावं रामायणातली: भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, रामनगर. सीतापूरला सूर्योदय बघायचा, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, आणि भरतपूरला पाण्यात तोंड खुपसायचं. धक्का भरतपूरच्या शेजारीच आहे.

तर तारीख. नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम, त्यातही जानेवारी ते मार्च समुद्र जास्त शांत. महिना ठरला की तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. कमानीच्या खाली चालत जायला आणि खडकांतल्या डबक्यांतले खेकडे, समुद्रकाकड्या बघायला हे दिवस उत्तम, पण पोहण्याजोगं पाणी थोडाच वेळ मिळतं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढतही नाही, उतरतही नाही, ओढ कमी. स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्याखालचं बघणं, हाच मुख्य हेतू असेल तर मी भांगेचे दिवस धरीन. दोन्ही हवं असेल तर मधल्या तिथी.

कोकणातल्या लोकांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. पंचमीला पावणेचार, वगैरे. हे गणित आपल्या किनाऱ्याचं आहे, अंदमानला ते लावू नका. तिथली भरती वेगळ्या घटकेला येते. पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता इंटरनेटवर मिळतो, तो छापून घ्या आणि तुमच्या दिवसांवर रंगीत पेनाने खुणा करा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे मात्र सगळीकडे सारखंच.

घड्याळही थोडं फसवतं. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस अंश रेखांशावर, पण वेळ तीच. त्यामुळे सूर्य मुंबईपेक्षा साधारण एक तास वीस मिनिटं आधी उगवतो आणि मावळतोही. डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्यास्त. दुपारचं जेवण दोनला आणि मग जरा लवंडू, असा बेत केलात तर दिवस संपला म्हणून समजा. आम्ही सकाळी साडेपाचला बाहेर पडायला लागलो तेव्हा कुठे सहल रुळावर आली.

आता तिकिटं. मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरला विमान बदलून वीर सावरकर विमानतळावर उतरायचं. शहराचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम केलं, पण तिकिटाच्या साइटवर पोर्ट ब्लेअर दिसलं तर घाबरू नका, तेच ते. तिथून नीलला बोट. विमान ठरलं की लगेच बोट ठरवा, कारण हंगामात हॉटेल मिळतं पण बोटीची सीट मिळत नाही. ओळखपत्र प्रत्येकाचं मूळ, हाताशी.

आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम, याला पर्याय नाही. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि तुमचं विमान कोणासाठी थांबत नाही. आमची एक बोट अशीच रद्द झाली. खिडकीवरच्या माणसाने "उद्या" एवढंच सांगितलं आणि पैसे परत मिळायला दीड महिना लागला. तो मोकळा दिवस वाया जात नाही. सेल्युलर जेल असतंच, आणि मराठी माणूस तिथे गेल्याशिवाय परतत नाही. सावरकरांच्या कोठडीपाशी रांगेत मराठी सोडून दुसरं काही ऐकू आलं तर नवल.

बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, पोटात कालवायला लागल्यावर नाही. कुठली, किती, हे घरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. माझ्या पर्समध्ये आलेपाकाची पुडी असते. शेजारच्या अनोळखी काकांनाही दिली आहे, निम्म्या वाटेत.

पाण्यात जाण्याच्या सामानात स्वतःचा मास्क आणि नळी असावी, फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, तिथे भाड्याने घेतल्या तरी चालतात. मास्क विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, केस बाजूला सारा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर कितीही महाग असो, पाणी शिरणार. नवऱ्याने मिशी राखली होती आणि दर दोन मिनिटांनी डोळ्यांत खारं पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी मिशी गेली, लेकीने ओळखलंच नाही. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे आतून धुकं धरतं. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने काचेला आतून चोळा, धुवा, दोनदा करा. मग पाण्यात जाताना थुंकी चोळून विसळली की पुरे. किळस वाटत असेल तर लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब.

चष्मेवाल्यांनी नंबरची काच बसवलेला मास्क आधीच करून घ्यावा, नाहीतर खाली रंगीत ढगच दिसतील. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मी मुलांना घालू देत नाही. पाणी आत शिरलं तर फुंकून बाहेर काढता येत नाही, आणि सोडलेला श्वास आत साठू शकतो.

पोहता येत नाही म्हणून अडत नाही. लाइफ जॅकेट असतं, गाइड रिंगला धरून ओढत नेतो. पण नळीतून तोंडाने श्वास घेण्याची सवय घराजवळच्या पोहण्याच्या तलावात दोन रविवार करून घ्या. पहिल्यांदा डोकं पाण्यात घातलं की छाती धडधडते, नाक श्वास शोधत राहतं, आणि हे सगळं किनाऱ्यापासून तीस मीटर आत होण्यापेक्षा चार फूट पाण्यात होऊन जावं. नळीत पाणी आलं की "फुर्र" करून जोरात फुंकायचं, हे लेकीला बाथरूमच्या बादलीत शिकवलं. मालवणला सिंधुदुर्गाजवळ एक रंगीत तालीम केलीत तर आणखी उत्तम.

कपड्यांत पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लांब टाइट्स. पालथे तरंगत असता तेव्हा मान, पाठ आणि पोटऱ्या भाजतात, पाण्याच्या गारव्यात कळतही नाही. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली सनस्क्रीन हवाईने 1 जानेवारी 2021 पासून विकायला बंदी केली, प्रवाळांना अपाय होतो म्हणून. कपडा जितका जास्त, तितकं सनस्क्रीन कमी लागतं. रबरी तळव्याचे बूट मात्र हवेतच, काटेरी समुद्री साळिंदरावर पाय पडला तर सहल तिथेच संपते. बूट असले तरी प्रवाळावर उभं राहायचं नाही, तो दगड दिसत असला तरी जिवंत असतो. दमलात तर पाठीवर उलटा आणि तरंगा.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तरी छोट्या बेटावर नेटवर्क मनासारखं चालतं, त्याच्या मनासारखं. नारळपाणीवाल्यासमोर फोन हातात धरून "प्रोसेसिंग" बघत उभं राहण्याची हौस नसेल तर शंभराच्या नोटा बाळगा. खाण्याची काळजी नको, बंगाली पद्धतीचा मासा-भात छान मिळतो आणि शाकाहारी थाळीही. तरी चिवड्याचा डबा जाणारच, त्यावर वाद नाही.

किनाऱ्यावर मगरीची पाटी असेल तर तिथे पाण्यात उतरायचं नाही, कोणी "काही होत नाही" म्हटलं तरी. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

शेवटची तयारी परतीची. मेलेला का होईना, प्रवाळाचा तुकडा उचलून आणता येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. विमानतळावर सासूबाईंची बॅग यंत्रातून गेली आणि थांबली. आत, पंचाच्या घडीत, पांढऱ्या प्रवाळाची बोटभर फांदी. "देवघरात ठेवणार होते हो," त्या म्हणाल्या. जवानाने हसून ती काढून घेतली आणि बाजूच्या खोक्यात टाकली. खोकं जवळजवळ भरलेलं होतं. तेव्हा आदल्या रात्री मुलांचे खिसे तपासा, आणि मोठ्यांचे पंचेही.